मलपृष्ठावरचा माणूस

पुस्तक पुढून उघडावे असा सर्वसाधारण संकेत आहे. अर्व्हिड नूटसन ते मागून वाचत असे. मलपृष्ठाच्या तळाशी बारीक टायपात लेखकाचा जो परिचय असतो, तो आधी उभ्याने, मग बसून, आणि मजकूर विशेष थोर असेल तर चष्मा पुसून पुन्हा एकदा, असा त्याचा क्रम होता. त्यानंतर वेळ उरलाच तर तो पुस्तकही वाचे.

या परिचयांनी तो आयुष्यभर दिपून गेलेला होता. एक लेखक म्हणे पाणबुड्या होता. एकीने जंगलखात्यात अस्वलांना गुंगीची सुई टोचण्याचे काम केले होते. एकजण तुरुंगात न्हावी होता, आणि तोही कैदी म्हणून नव्हे. कुणी नदीतून ओंडके वाहवत नेले होते, कुणी मुष्टियुद्धात नाक गमावले होते. यांपैकी एकानेही काय वाचले होते, हे मात्र कुठल्याच मलपृष्ठावर लिहिलेले नसे. ग्रंथालयात बसून डोळे घालवलेला माणूस या देशात लेखक म्हणून खपत नाही. पण ज्याने एकदा मगरीच्या जबड्यात हात घातला आहे, त्याला त्याच हाताने लिहिता येत असणार, याबद्दल प्रकाशकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत कुणालाही शंका नसते. हा तर्क कोणत्या न्यायशास्त्रात बसतो ते विचारू नये. अर्व्हिडनेही कधी विचारले नव्हते.

कारण अर्व्हिड स्वतः मिनेसोटा राज्याच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होता. ग्रॅनाइट बे आणि आसपासच्या गावांतले तराजू आणि पेट्रोलपंप तपासणे, खरे माप देणाऱ्यांवर हिरवी चिकटपट्टी आणि खोटे देणाऱ्यांवर लाल चिकटपट्टी लावणे, यातच त्याची सबंध नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्याने गावासमोरच्या अफाट सरोवरातल्या दीपगृहाच्या एका रखवालदारावर कादंबरी लिहिली. ती एका छोट्या प्रकाशनसंस्थेने स्वीकारली. ही संस्था म्हणजे लोइस व्हँडरवीन नावाच्या एकट्या बाई आणि त्यांचे तळघर. बाईंनी परिचय मागवला. परिचय स्वतःच लिहायचा, पण जणू दुसराच कुणी आपल्याविषयी लिहितो आहे अशा थाटात, असा या व्यवसायाचा रिवाज आहे. अर्व्हिडने पुष्कळ विचार करून लिहिले: ‘अर्व्हिड नूटसन वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते ग्रॅनाइट बे येथे पत्नी मार्गिट यांच्यासह राहतात.’ पाकीट टपालात टाकताना त्याला लाज वाटली.

मे महिन्यात पुस्तकांची खोकी आली. अर्व्हिडने पहिली प्रत सवयीने उलटी केली आणि तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला.

“काय झालं?” मार्गिट म्हणाली. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे, आणि कुणाचा सूर कुठे घसरला हे तिला पाठमोरीलाही कळे.

अर्व्हिडने वाचून दाखवले: “‘अर्व्हिड नूटसन यांनी कबरी खणल्या आहेत आणि जहाजावर स्वयंपाक केला आहे. ते मधमाश्या पाळतात. ते एकटे राहतात.’”

मार्गिटने हातातला टॉवेल नीट घडी करून ठेवला. “बरं,” ती म्हणाली. “मी मेले कधी ते लिहिलंय का?”

“चूक झालीये कुठेतरी.”

“मग फोन कर की बाईंना.”

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रॅनाइट बेमध्ये तक्रार करणे हे खुनाहून गंभीर मानले जाते. खुनाला निदान काही कारण असू शकते. तेथे हॉटेलात सूपमध्ये माशी निघाली तर माणूस ती रुमालात लपवतो, म्हणजे वाढणारीला वाईट वाटू नये. अर्व्हिडने फोन केला. पहिल्यांदा त्याने हवेची चौकशी केली. मग लोइसबाईंच्या गुडघ्याची केली. मग तो म्हणाला, “ते मलपृष्ठ... वेगळंच झालंय.”

“आवडलं ना?” लोइसबाईंचा आवाज एकदम ओलावला. “अहो, सगळं एकटीने केलं मी! डोळे फुटायची वेळ आली. तुम्ही पहिलेच, ज्यांनी फोन करून सांगितलं.”

“फार मेहनत दिसते,” अर्व्हिड म्हणाला, आणि आभार मानून त्याने फोन ठेवला.

“झालं?” मार्गिट म्हणाली. “सुतासारखं सरळ केलंस की रे बाईला!”

“आता छापलंय म्हटल्यावर...”

“चिकटपट्टी लाव वर. आयुष्यभर दुसरं काय केलंस?”

अर्व्हिड दुखावला. खोट्या मापावर कागद डकवून ते खरे होत नसते, हे त्याने कित्येक वाण्यांना सुनावले होते. तराजू खोटा निघाला तर दोनच मार्ग: मोडीत काढा, नाहीतर दुरुस्त करून खऱ्यावर आणा. खोकी मोडीत काढणे म्हणजे लोइसबाईंच्या काळजाला डागण्या. राहिला दुसरा मार्ग. सप्टेंबरमध्ये गावच्या वाचनालयात प्रकाशनाचा कार्यक्रम होता. तोवर मलपृष्ठ खोटे होते. पण माणूस दुरुस्त करता येण्याजोगा होता.

“म्हणजे?” मार्गिट म्हणाली.

“म्हणजे कबरी खणायच्या. स्वयंपाक करायचा. माश्या पाळायच्या.”

“आणि चौथं?”

“एकेक बघू,” अर्व्हिड म्हणाला. त्या क्षणी त्याला ती निव्वळ तांत्रिक अडचण वाटली. मार्गिटने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि ती भांडी पुसू लागली.

कबरींचे काम सोपे वाटले. त्या भागात हिवाळ्यात जमीन दगड होते. त्यामुळे थंडीत गेलेली माणसे वसंतापर्यंत चर्चच्या थंड कोठीत शिस्तीने थांबतात आणि बर्फ वितळले की पुरली जातात. मे महिना हा तिथला हंगामच. चर्चचा कबरखोद्या ऑर्डेल यंत्राने खणत असे. अर्व्हिड फावडे घेऊन उभा राहिला तेव्हा तो म्हणाला, “काय हो, प्रायश्चित्त वगैरे आहे का?”

“साहित्यिक काम आहे.”

“असं होय,” ऑर्डेल म्हणाला आणि दोन पावले मागे सरला.

अर्व्हिडने एका दिवसात एक कबर खणली. खाली उतरल्यावर वरचे आभाळ पाटाएवढे दिसू लागले, आणि ज्या लेखकांनी हे काम पोटासाठी वर्षानुवर्षे केले त्यांच्याविषयीच्या आदराने त्याचा ऊर भरून आला. निदान त्याला ती आदराची कळ वाटली. ती पाठीची निघाली. तो पंधरवडा झोपून होता, आणि तेवढ्यात कोठी रिकामी झाली.

आता व्याकरण आडवे आले. मलपृष्ठावर ‘कबरी’ असे स्पष्ट अनेकवचन होते. अर्व्हिड जून महिनाभर वाट पाहत राहिला, पण ग्रॅनाइट बेची हवा उन्हाळ्यात अत्यंत निरोगी असते. तो गावातल्या वृद्धांची विचारपूस करू लागला. आधी लोकांना कौतुक वाटले. मग कुणीतरी दोनाला दोन जोडले, आणि तो दिसला की काठ्या टेकत जाणारी माणसे ताठ चालू लागली.

शेवटी शेजारच्या व्हर्ना हालबर्गने त्याला कुंपणाशी गाठले. व्हर्नाबाई नव्वदीच्या होत्या आणि त्यांनी दोन नवरे, एक बर्फाचे वादळ आणि चार पाद्री पचवले होते.

“अर्व्हिड, तिसऱ्यांदा विचारतोयस माझी तब्येत या आठवड्यात.”

“शेजारधर्म, व्हर्नाबाई.”

“खड्ड्यात गेला तुझा शेजारधर्म.”

“तोच तर सापडत नाहीये,” अर्व्हिड काकुळतीला येऊन म्हणाला, आणि त्याने सगळे सांगून टाकले.

व्हर्नाबाई बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “तुझ्या पुस्तकासाठी मी काही मरणार नाही. पण जागा माझी घेऊन ठेवलेली आहे, दुसऱ्या नवऱ्याशेजारी. खण जा. आयती तयार राहील. आणि हे बघ, पायाशी ऐसपैस ठेव. पहिल्याच्या घरात जन्मभर पाय दुमडून झोपले.”

त्यांनी खुर्ची मागवली, कडेला बसून माप स्वतः दिले, आणि एक कोपरा तिरका गेला म्हणून पुन्हा करायला लावला. कबर सुंदर झाली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस आला. रहिवासी नसलेली उघडी कबर म्हणजे सार्वजनिक खड्डा; सार्वजनिक खड्ड्याला कुंपण लागते; कुंपणाला परवाना लागतो; आणि परवान्याच्या अर्जात ‘बांधकाम केव्हा वापरात येणार’ असा रकाना होता. व्हर्नाबाईंनी त्यात स्वतःच्या हाताने लिहिले: ‘घाई नाही.’

“दोन झाल्या,” मार्गिट त्या संध्याकाळी म्हणाली. “अनेकवचन साधलं. अभिनंदन.” आणि तिने त्याच्या पाठीला मलम चोळले, जरा जोरातच.

जहाजाच्या बाबतीत पलीकडच्या उर्हो सालमेलाने सल्ला दिला. उर्हो हा निवृत्त गोदी कामगार. कुणी सल्ला मागण्याची वाट पाहण्याइतका संयम त्याला कधी जमला नाही. “माझ्या चुलतभावाची मासेमारीची होडी आहे. अंडी तळ तिच्यात. झालं काम.”

“होडी म्हणजे जहाज नव्हे.”

“पाण्यावर तरंगतं ना?”

“बदकही तरंगतं, उर्हो.”

“मग बदकात शिजव!” उर्हो चिडून म्हणाला, पण दुसऱ्याच दिवशी त्याने ओळखीने लोहखनिज वाहणाऱ्या एका अजस्र जहाजावर अर्व्हिडची वर्णी लावली. खलाशाचा दाखला नाही, डॉक्टरचा दाखला नाही, तेव्हा जहाज धक्क्याला बांधलेले असेतोवरच, या अटीवर. जहाज चालू असावे असे मलपृष्ठावर कुठेही म्हटलेले नव्हते. अर्व्हिडने खालच्या भटारखान्यात पॅनकेक घातले. ज्याची कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत लाटांनी भरलेली होती, त्या लेखकाला धक्क्याला दोरखंडांनी जखडलेल्या जहाजात, आरशासारख्या पाण्यावर, बोट लागली. खलाशांनी पॅनकेक पाहिले, एकमेकांकडे पाहिले, आणि ते गावात जेवायला गेले. स्वयंपाक केला असे छापले होते. तो कुणी खाल्ला असा दावा नव्हता.

तरी परतताना धक्क्यावर उभे राहून त्याने त्या पोलादी भिंतीकडे मान वर करून पाहिले. नोव्हेंबरच्या वादळात याच्या पोटात उभे राहून कुणीतरी चाळीस माणसांचे जेवण रांधतो, आणि त्यानंतर त्याच्यात ओळी लिहिण्याची ताकद उरते! आपण कोणत्या मंडळींच्या पंगतीत घुसलो आहोत, या विचाराने त्याचे पाय लटपटले. अर्थात बोट अजून पूर्ण उतरलेली नव्हती.

मधमाश्यांसाठी शेजाऱ्यांची लेखी संमती, मग सुनावणी, मग हरकती. उर्होने सही केली, पण आधी अर्ध्या मधाचा करार करून घेतला. पेटी आली, माश्या आल्या, आणि ऑगस्टच्या एका रविवारी त्या राणीसकट उठून सबंध गाव ओलांडून गेल्या आणि स्वेन ऱ्युडच्या पेट्रोलपंपावर, बरोब्बर नळीच्या मुठीवर, दाढीसारख्या लोंबू लागल्या. याच पंपावर अर्व्हिडने एकदा लाल पट्टी लावली होती. स्वेन ते विसरला नव्हता.

“या, या निरीक्षकसाहेब!” स्वेन दुकानाच्या काचेआडून ओरडला. चर्चहून परतणारे निम्मे गाव रस्त्यापलीकडे उभे होते. “तपासा! माप बरोबर आहे का बघा! एका गॅलनला किती माश्या बसतात तुमच्या नियमात?”

अर्व्हिडने डोक्यावर मार्गिटच्या खिडकीचा जाळीचा पडदा घेतला होता. नवरीच्या वेषात, गावासमोर, हातात धुराचे भांडे घेऊन तो ताठ मानेने पंपाकडे चालत गेला. प्रतिष्ठा म्हणजे काय, यावर अनेकांनी ग्रंथ लिहिले आहेत. पण ते लिहिताना त्यांच्या विजारीत माशी शिरलेली नव्हती.

माश्या पेटीत परतल्या. अर्व्हिड घरी आला तेव्हा त्याचा एक कान दुप्पट झाला होता. मार्गिट सोड्याचा लेप घेऊन समोर बसली.

“तिन्ही झाली,” ती म्हणाली.

“झाली.” त्याच्या आवाजात समाधान होते.

“मी बॅग उतरवून ठेवलीये माळ्यावरून.”

“कसली?”

“बहिणीकडे जाऊन राहायची. सप्टेंबरपर्यंत चौथंही व्हायला हवं ना? अरे, एका ‘कबरी’च्या ‘री’साठी तू जिवंत बाईची कबर खणलीस. मी चार महिने बघतेय, हा माणूस शेवटच्या वाक्याशी येऊन काय करतो.” ती हसत होती, पण लेप लावणारे बोट मध्येच थांबले होते.

अर्व्हिड तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता. ‘एकटे’ या शब्दाची व्याप्ती, आठवडाभर पुरेल का, असे काहीसे. सुदैवाने त्याचा ओठही सुजलेला होता.

मार्गिट उठली. तिने बॅग दाराशी नेऊन ठेवली. कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत बॅग तिथेच राहिली, आणि जाता-येता अर्व्हिड तिला अडखळत राहिला.

वाचनालयात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या. व्हर्नाबाई पहिल्या रांगेत होत्या, ठणठणीत. मार्गिट शेवटच्या रांगेत, दारापाशी. अंगात कोट तसाच. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लोइसबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने आत आल्या. त्यांच्यामागे उन्हाने रापलेला, एका पायाने लंगडणारा उंच माणूस होता.

“अर्व्हिड,” लोइसबाई रडवेल्या सुरात म्हणाल्या, “हे गिडियन लफेव्हर. यांची कादंबरी तुमच्याबरोबरच काढली मी. दोघांचे परिचय... मीच... एकाचा दुसऱ्याला लागला हो! आणि तुम्ही फोन करून माझं कौतुक केलंत!”

गिडियनने आपले पुस्तक पुढे केले. मलपृष्ठावर ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि पत्नी मार्गिट यांच्यासह राहत होते.

अर्व्हिड ज्या क्षणाची आयुष्यभर वाट पाहत होता तो हा होता: खरा, जिताजागता, कबरी खणलेला लेखक. “तुम्ही... किती खणल्या?”

“मोजल्या नाहीत.” गिडियन त्याच्या अजूनही जरा सुजलेल्या कानाकडे पाहत होता. “मलाच तुम्हाला भेटायचं होतं. हे वाचलं आणि राहवेना. एकाच नोकरीत? सगळी वर्षं?”

“हो.”

“एकाच घरात? एकाच बाईबरोबर?” त्याच्या डोळ्यांत अर्व्हिडला जे दिसले ते त्याने आजवर फक्त आरशात, हातात उलटे पुस्तक धरलेले असताना पाहिले होते. “मी एका ठिकाणी सगळ्यात जास्त टिकलो ते इस्पितळात. पाय मोडला होता म्हणून. कसं जमवलंत हो?”

“पण तुमचं जहाज, तुमच्या कबरी...”

“भूक लागली होती, साहेब. जे मिळालं ते केलं. आवडलं त्यातलं काहीच नाही. छापून आलं की छंदच वाटतो तो.” त्याने आपले पुस्तक परत काखेत घेतले. “माश्या तेवढ्या खऱ्या. त्यांना सोबत म्हणता येते. शेवटचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं. या बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं; मी खरं ते सांगितलं.”

ज्या वाक्याला अर्व्हिड चार महिने तांत्रिक अडचण समजत होता, त्यात हा माणूस राहत होता.

टाळ्या झाल्या. अर्व्हिड वाचायला उभा राहिला आणि त्याने पुस्तक उघडण्याआधी, सवयीने, उलटे केले.

“मोठ्याने वाच!” व्हर्नाबाई म्हणाल्या.

“‘अर्व्हिड नूटसन यांनी कबरी खणल्या आहेत.’”

“खणल्यात!” ऑर्डेल मागून म्हणाला. “पायाशी ऐसपैस,” व्हर्नाबाईंनी साक्ष दिली.

“‘जहाजावर स्वयंपाक केला आहे.’”

“केलाय,” उर्हो म्हणाला. “देव क्षमा करो.”

“‘ते मधमाश्या पाळतात.’” यावर स्वेन ऱ्युडने जे म्हटले ते वाचनालयात म्हणण्याजोगे नव्हते, पण साक्ष म्हणून ग्राह्य होते.

मग अर्व्हिड थांबला. शेवटच्या रांगेत कोट घातलेली मार्गिट ऑर्गनवर बसावी तशी ताठ बसली होती. खोटे माप दुरुस्त करा नाहीतर मोडीत काढा. तिसरा मार्ग त्याने कुणाला दिला नव्हता.

“‘ते एकटे राहतात,’” तो म्हणाला. “हे खोटं आहे. छापून आलंय, विकलंही जाणार आहे, आणि खोटं आहे. मला माहीत असून मी ते दुरुस्त करणार नाही. माझ्या हातात असेल तितकी वर्षं ते खोटंच राहील.”

ग्रॅनाइट बेमध्ये असली वाक्ये चारचौघांत बोलत नाहीत. लोक अत्यंत अवघडून आपापल्या कॉफीकडे पाहू लागले. एकट्या गिडियनने टाळी वाजवली.

मार्गिटने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. कार्यक्रम संपला. मग ती गर्दीतून वाट काढत पुढे आली ती थेट गिडियनसमोर.

“मी मार्गिट. तुमच्या मलपृष्ठावर आहे मी.”

गिडियन गडबडून उठला. “बाई, ते चुकून—”

“छापलंय ना? आमच्याकडे छापलेलं खरं करायची पद्धत आहे. कायमचं नाही जमायचं, एक आहे तोच पुरतो. पण जेवणापुरतं होईल. चला घरी.” मग तिने दाराकडे निघता निघता अर्व्हिडकडे वळून पाहिले. “आणि ती बॅग आधी उचल वाटेतली, पाहुणा अडखळेल. स्वयंपाक मी करते. जहाजावर होतास म्हणून काही सांगू नकोस.”